कन्सोलच्या पिढ्या ठरतात कशा, आणि आपल्याकडचा कॅसेटवाला गेम कुठल्या पिढीतला?

खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या सरांचा प्रश्न आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी गावातल्या घरांतून जुने व्हिडिओ गेम, म्हणजे खेळ खेळायची मशीन्स (कन्सोल), गोळा केलेत: टीव्हीला जोडायचा एक कॅसेटवाला गेम, एक प्लेस्टेशन २, एक एक्सबॉक्स ३६० आणि एका माजी विद्यार्थ्याने दिलेला निन्टेन्डो स्विच. प्रत्येकापुढे 'अमुक पिढी' अशी पट्टी लावायची आहे, पण एका ठिकाणी एक आकडा सापडतो, दुसरीकडे दुसराच. पिढी ठरवतं कोण, बिट मोजून ठरवतात की साल बघून, आणि आपल्याकडच्या त्या कॅसेटवाल्या डब्याला बसवायचं कुठे, असं त्यांनी विचारलंय.

सर, मी बेळगावात खडेबाजाराजवळ बरीच वर्षं हेच काम करतो. जुने गेम उघडतो, दुरुस्त करतो, जुन्यात घेतो-विकतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी सरळ देतो. पिढीचा आकडा कुठल्याही मशीनच्या बोर्डावर नसतो, आणि तो मोजायचं कुठलं मीटरही नाही. साधारण एकाच काळात, एकाच गिऱ्हाइकाच्या खिशासाठी एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या मशीन्सचा गट म्हणजे एक पिढी. तो गट बांधताना तंत्र बघतात, साल बघतात, कुठल्या मशीनने कुणाची जागा घेतली तेही बघतात. पण या तिघांचं एकमत होईलच असं नाही. जिथे होत नाही तिथे शेवटी बाजारातली स्पर्धाच निकाल देते. तुमच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचं तर दहावीची बॅच जशी ठरते तसं हे आहे: उंची, गुण, वय वेगवेगळं, पण एका मार्चमध्ये एका परीक्षेला बसली ती सगळी एका बॅचची.

ठरवणारी संस्था कुठलीच नाही. व्होल्ट, अँपिअर यांची व्याख्या करणाऱ्या संस्था आहेत, कन्सोलच्या पिढीसाठी तशी कुणी नाही. १९९० च्या दशकात मासिकं आणि जाहिराती '८ बिट', '१६ बिट', '३२ बिट' असंच बोलायच्या, आणि येणाऱ्या मशीनला 'नेक्स्ट जनरेशन' म्हणायच्या. पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक लावून सगळा इतिहास ओळीत मांडायची पद्धत मुख्यतः २००० नंतर विकिपीडियावरच्या लेखांमुळे रुळली, तिथून पुस्तकांत आणि बातम्यांत गेली. म्हणजे १९७७ साली अटारी विकत घेणाऱ्या माणसाला आपण 'दुसऱ्या पिढी'चं मशीन घेतोय याचा पत्ता नव्हता. उलट १९८२-८३ च्या सुमारास अमेरिकेतले काही लिहिणारे कलेकोव्हिजन आणि अटारी ५२०० या मशीन्सना 'तिसरी लाट' म्हणत होते. आजच्या तक्त्यात तीच मशीन्स दुसऱ्या पिढीत बसवलेली दिसतील. आकडे मागाहून लावलेत, हे मुलांना आधी सांगा. त्याने तक्ता खोटा ठरत नाही, पण तो कशासाठी आहे ते नीट कळतं.

आता तंत्राकडे वळतो, कारण विज्ञान प्रदर्शनात मुलांना तेच दाखवायचं आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या पिढीमधली रेघ मला सगळ्यांत पक्की वाटते. १९७२ साली अमेरिकेत मॅग्नव्हॉक्स कंपनीने ओडिसी आणला. राल्फ बेअर या अभियंत्याने १९६० च्या दशकातच त्याचा नमुना तयार केला होता. यात प्रोसेसर नाही, मेमरी नाही, आवाजसुद्धा नाही. सोबत काही कार्डं मिळायची. बघणाऱ्याला वाटेल हीच कॅसेट, पण त्या कार्डावर एकही चिप नाही, नुसत्या धातूच्या वाटा. कार्ड खोचलं की आतली सर्किटं वेगळ्या तऱ्हेने जोडली जायची आणि पडद्यावरचे ठिपके वेगळे वागायचे. मैदान किंवा चक्रव्यूह दिसावा म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद लावायचा. पुढे १९७६ च्या सुमारास जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची एक चिप आली, तिच्यात चेंडू-फळीचे खेळ तयारच होते. ती घेऊन कितीतरी कंपन्यांनी डबे काढले. या सगळ्यांत खेळ म्हणजेच सर्किट. नवा खेळ हवा तर नवं सर्किट हवं.

१९७६ च्या नोव्हेंबरमध्ये फेअरचाइल्ड कंपनीचं चॅनल एफ बाजारात आलं. जेरी लॉसन या अभियंत्याच्या गटाने ते घडवलं. मशीनमध्ये प्रोसेसर, आणि खेळ बाहेरच्या कॅसेटमधल्या रॉममध्ये, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कायमच्या मेमरीत. इथून खेळ म्हणजे प्रोग्रॅम झाला. पुढच्याच वर्षी अटारीचं मशीन आलं, ज्याला नंतर २६०० म्हणू लागले. त्याची रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. आज मोबाइलवर मराठीत एक लांब वाक्य टाइप केलं तर तेवढ्या जागेत मावणार नाही. अख्खं चित्र साठवायला जागाच नसल्यामुळे प्रोग्रॅमला टीव्हीची प्रत्येक रेघ पडत असतानाच त्या रेघेवर काय दिसायचं ते चिपला सांगत राहावं लागे. त्या काळच्या प्रोग्रॅमरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

दुसरी आणि तिसरी यांच्यातली रेघ मात्र डळमळीत आहे, आणि मुलांना विचार करायला लावणारं सगळ्यांत चांगलं उदाहरण इथेच सापडतं. कलेकोव्हिजन १९८२ साली अमेरिकेत आलं. सेगाचं एसजी-१००० हे मशीन १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आलं. दोन्ही उघडली तर आत झेड-८० जातीचा प्रोसेसर, ३.५८ मेगाहर्ट्झचा. चित्र काढायला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एकाच कुटुंबातली चिप. आवाजाची चिपही एकाच जातीची. दोघांची कुवत जवळपास सारखीच. तरी तक्त्यात कलेकोव्हिजन दुसऱ्या पिढीत आणि एसजी-१००० तिसऱ्या पिढीत. का? तर ज्या दिवशी एसजी-१००० दुकानात आलं त्याच दिवशी जपानमध्ये निन्टेन्डोचं फॅमिकॉमही आलं. सेगाची लढाई फॅमिकॉमशी होती, कलेकोव्हिजनची लढाई अटारीशी. शिवाय १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, बऱ्याच कंपन्यांनी धंदा गुंडाळला, आणि १९८५ मध्ये फॅमिकॉमच एनईएस या नावाने अमेरिकेत जाऊन बाजार पुन्हा उभा राहिला. अमेरिकेच्या बाजारातल्या त्या पडझडीवरून ही रेघ ओढली आहे. जपानमध्ये तशी पडझड झाली नव्हती, आणि आपल्या बेळगावात तर पडायला बाजारच नव्हता.

फॅमिकॉमने तंत्रातही पुढची उडी मारली होती, हे खरं आहे. चित्राची वेगळी चिप, एका वेळी ६४ हलती चित्रं, आणि अख्खा पडदा आडवा-उभा सरकवण्याची सोय चिपमध्येच. मारिओ पळतो आणि मागचं जग गुळगुळीत सरकतं ते यामुळे. १९८२ च्या मशीनवर तसं सरकवायचं तर प्रोग्रॅमला भारी कसरत करावी लागायची. म्हणून तिसरी पिढी म्हणजे 'सरकणाऱ्या पडद्याची पिढी' असं कुणी म्हटलं तर मी मान डोलावेन. पण एसजी-१००० मध्ये ती सोय नव्हती, तरी ते तिसऱ्यातच मोजतात, हेही लक्षात असू द्या.

बिटचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न. दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस हेच विचारतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बिट म्हणजे प्रोसेसर एका फटक्यात केवढी संख्या हाताळतो त्याचं माप. तिसरी पिढी ८ बिट, चौथी १६ बिट, पाचवी ३२ किंवा ६४ बिट, असं ढोबळ गणित मांडलं जातं आणि मधल्या काळापुरतं ते बरंचसं जुळतं. पण दोन्ही टोकांना ते तुटतं. मॅटेलचं इंटेलिव्हिजन १९७९-८० चं, म्हणजे दुसऱ्या पिढीचं, आणि त्याचा प्रोसेसर १६ बिटचा. एनईसीचं पीसी इंजिन १९८७ चं, चौथ्या पिढीत धरतात, पण त्याचा मुख्य प्रोसेसर ८ बिटचाच. अमेरिकेत विकताना नावातच '१६' घातलं, ते चित्राच्या चिपवरून. अटारीच्या जॅग्वारने १९९३ मध्ये '६४ बिट' म्हणून जाहिरात केली. आतल्या काही चिपा खरोखरच ६४ बिटने काम करायच्या, पण हिशेब करणारे प्रोसेसर तेवढे नव्हते, आणि त्यावरून तेव्हा भरपूर वाद झाला. सगळ्यांत बोलकं उदाहरण सहाव्या पिढीचं. पाचव्या पिढीतल्या निन्टेन्डो ६४ चा प्रोसेसर ६४ बिटचा. त्याच्या पुढच्या पिढीतल्या पहिल्या एक्सबॉक्सचा प्रोसेसर पेन्टियम ३ जातीचा, म्हणजे ३२ बिटचा. निन्टेन्डोच्याच पुढच्या गेमक्यूबचाही ३२ बिटचाच. बिटवरून पिढी मोजली तर इतिहास उलटा चालला म्हणावं लागेल. त्यानंतर जाहिरातदारांनीच बिट सांगणं सोडून दिलं.

जुना खेळ नव्यात चालतो का, यावरून पिढी ओळखता येईल असं काही जणांना वाटतं. तेही फार दूर नेत नाही. तुमच्याकडचं प्लेस्टेशन २ जुन्या जाड बांध्याचं असेल तर त्याच्या आत पहिल्या प्लेस्टेशनचाच प्रोसेसर वेगळा बसवलेला आहे. नवा खेळ चालू असताना तो जॉयस्टिक, मेमरी कार्ड वगैरे बाहेरची कामं बघतो, आणि पहिल्या प्लेस्टेशनची सीडी घातली की तोच मुख्य होतो. एका डब्यात दोन पिढ्या. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये असंच आधीच्या मास्टर सिस्टिमचं बरंच काही होतं. आणि निन्टेन्डोचं वी घ्या, २००६ चं. त्याचा प्रोसेसर म्हणजे गेमक्यूबच्याच प्रोसेसरची वाढवलेली आवृत्ती, ४८५ वरून ७२९ मेगाहर्ट्झवर नेलेली. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ एचडी चित्र देत असताना वी जुन्या रिझोल्यूशनवरच राहिलं. पण त्याची स्पर्धा त्या दोघांशी होती, हातात धरून हलवायच्या रिमोटमुळे त्याने दोघांनाही मागे टाकलं, आणि ते सातव्याच पिढीत मोजतात. हा निर्णय मला योग्य वाटतो. ताकद कमी म्हणून त्याला मागच्या वर्गात बसवलं असतं तर त्या काळाचं चित्रच चुकलं असतं.

स्पर्धेच्या कसोटीलाही मर्यादा आहेत. सेगाचं ड्रीमकास्ट नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये आलं, आणि मार्च २००१ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. गेमक्यूब आलं सप्टेंबर २००१ मध्ये, एक्सबॉक्स नोव्हेंबरमध्ये. ही तिघं सहाव्या पिढीतली, पण ड्रीमकास्ट कारखान्यातून निघायचं थांबल्यावर बाकीची दोन जन्मली. इथे 'कुणाची जागा घेतली' ही कसोटी कामाला येते: ड्रीमकास्टने सेगाच्याच पाचव्या पिढीतल्या सॅटर्नची जागा घेतली आणि ते प्लेस्टेशन २ शी लढलं, म्हणून सहावं. मी स्वतः एखादं मशीन बसवताना आधी ते कुणासमोर उभं राहिलं ते बघतो, मग त्याच कंपनीच्या कुठल्या मशीनची जागा घेतली ते, आणि खास त्याच्यासाठीच खेळ निघाले का ते. तीनपैकी दोन उत्तरं जुळली की पट्टी लिहितो.

पाचवीपासून पुढचं सोपं आहे, भरभर सांगतो. पाचवी म्हणजे त्रिमिती आणि सीडी: सॅटर्न आणि प्लेस्टेशन १९९४ मध्ये, निन्टेन्डो ६४ हे १९९६ मध्ये (याने मात्र कॅसेट सोडली नाही). सहावी म्हणजे मुख्यतः डीव्हीडीचा काळ, प्लेस्टेशन २ मार्च २००० चं. सातवीची सुरुवात नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० ने केली, एचडी चित्र आणि इंटरनेटवरून खेळ ही तिची ओळख. आठवीत २०१२ चं निन्टेन्डोचं वी यू, २०१३ ची प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन. नववी नोव्हेंबर २०२० पासून, वेगवान एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी चिपांत साठवण) आणि प्रकाशकिरणांचा हिशेब करून काढलेलं चित्र. भारतात प्लेस्टेशन ५ मिळायला २ फेब्रुवारी २०२१ उजाडला. विद्यार्थ्यांना लक्षात ठेवायला एक युक्ती: प्लेस्टेशनच्या नावातल्या आकड्यात ४ मिळवा, पिढी मिळते. पहिलं प्लेस्टेशन पाचव्या पिढीत आलं आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीत बरोबर एक आलं. एक्सबॉक्सला ही युक्ती लावू नका. तिथे नावातले आकडे कशालाच जुळत नाहीत.

मधल्या सुधारित मॉडेलांचा घोळ होतो तोही इथेच मिटवू. प्लेस्टेशन ४ प्रो २०१६ मध्ये आलं, ताकद बरीच वाढलेली, पण त्यावरचा प्रत्येक खेळ साध्या प्लेस्टेशन ४ वर चाललाच पाहिजे असा सोनीचा नियम होता. म्हणून नवी पिढी नाही. हा नियम सगळीकडे मात्र लागू होत नाही. निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉयचं पुढचं मॉडेल गेम बॉय कलर, त्याच्यासाठी खास वेगळे खेळ निघाले, जे जुन्या गेम बॉयवर चालतच नाहीत. तक्ते त्याला पुढच्या पिढीत टाकतात, आणि निन्टेन्डो स्वतः मात्र दोघांची विक्री एकत्र मोजून ११.८ कोटींच्या वरचा आकडा देते. खुद्द बनवणाराच रेघ ओढत नाही म्हटल्यावर आपण हट्ट धरण्यात अर्थ नाही.

तुमच्या स्विचचं उत्तरही यातच आहे. मार्च २०१७ मध्ये ते आलं. वी यूची जागा त्याने घेतली, आणि वी यू आठव्या पिढीचं, म्हणजे या हिशेबाने स्विच नववं ठरतं. पण ते बाजारात उभं राहिलं प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसमोर, प्लेस्टेशन ५ यायच्या साडेतीन वर्षं आधी, आणि त्याची कुवतही त्या काळाचीच. मी त्याला आठव्यातच ठेवतो. जून २०२५ मध्ये स्विच २ आल्यामुळे हे आणखी सोपं झालं: ते नवव्यात नीट बसतं. पट्टीवर 'आठवी' लिहा, आणि कुणी पालक 'नववी' म्हणाले तर त्यांच्या बाजूनेही कारण आहे हे मान्य करा.

आता आपल्या घरातला कॅसेटवाला डबा. याच्यावर मला जास्त लिहायचंय, कारण जगाच्या तक्त्यांत याला जागा नाही आणि आपल्या भागातल्या एका अख्ख्या वयोगटाचं बालपण त्याच्यात आहे.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, या पट्ट्यात १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही 'व्हिडिओ गेम' म्हणून जे घरात आलं ते बहुतेक फॅमिकॉमची नक्कल होतं. कुणी मुंबईहून आणलं, कुणी गोव्याहून, कुणी गणपतीच्या सुट्टीत कोल्हापुरातून. डब्यावरचं नाव आणि आकार दर वेळी वेगळा. काही वर्षांपूर्वी निपाणीचा एक मुलगा प्लेस्टेशनसारखा दिसणारा डबा घेऊन आला. "काका, प्लेस्टेशन हाय म्हणून घेतलंय, सीडी कुठं घालायची कळंना खरं." करड्या रंगाचा, गोल झाकणाचा, बाहेरून अगदी पहिल्या प्लेस्टेशनसारखा. झाकण उचललं तर खाली सीडीची चकतीच नाही, कॅसेटची खाच. खोक्यावर '६४ बिट' असं ठळक छापलेलं.

तुमच्याकडचा डबा कुठला आहे ते असं बघा. कॅसेट बाहेर काढा आणि तिच्या पट्टीवरचे दात मोजा. एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०, मिळून ६०, असे भरले तर तो फॅमिकॉमच्या घराण्याचा. अमेरिकेत विकलेल्या एनईएसच्या कॅसेटला ७२ दात असतात आणि ती आकाराने बरीच मोठी असते. मग डब्याचे मागचे स्क्रू काढून आत पाहा. जुन्या नकलांत दोन मोठ्या काळ्या चिपा दिसतील, प्रत्येकीला ४० पाय: एक प्रोसेसर, एक चित्राची. त्यातल्या बऱ्याच तैवानच्या यूएमसी कंपनीच्या असतात. नंतरच्या नकलांत चिप दिसतच नाही. लहानशा बोर्डाच्या मध्यावर काळ्या राळेचा एक वाटोळा, चकचकीत थेंब असतो, रुपयाच्या नाण्याएवढा. त्या थेंबाखाली प्रोसेसर आणि चित्राची चिप एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेली असते. फॅमिकॉमच्या बोर्डावर जे पसरलेलं होतं ते सगळं त्या थेंबात आलं, म्हणून डबा एवढा स्वस्त झाला. तो थेंब बिघडला की दुरुस्ती नाही. बाकी अँटेनाचं सॉकेट, बटणं, अडॅप्टरची पिन, कॅसेटच्या खाचेतले सैल झालेले पत्रे, हे सगळं दुरुस्त होतं, आणि दहापैकी आठ डब्यांत बिघाड तिथेच असतो.

म्हणून पट्टी अशी लिहा: रचना तिसऱ्या पिढीची, खोक्याचा आकार पाचव्या पिढीचा (तुमच्या डब्याला लागू असेल तर), आणि आपल्या गावात वापर अमुक साल ते अमुक साल. नकलेची पिढी ठरते ती आत कुठल्या मूळ मशीनचा खेळ चालतो त्यावरून. खोक्यावर ६४ छापलं म्हणून फॅमिकॉम निन्टेन्डो ६४ होत नाही.

शेवटचा मुद्दा, सालाचा, मला फार महत्त्वाचा वाटतो. तक्त्यातली सालं जपान आणि अमेरिकेची आहेत. तिथे १९९४-९५ मध्ये पाचवी पिढी सुरू झाली तेव्हा आपल्याकडे तिसरी ऐन भरात होती. चौथी पिढी आपल्या बहुतेक घरांनी पाहिलीच नाही. कॅसेटवाल्या डब्यावरून थेट पहिल्या प्लेस्टेशनवर किंवा सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर उडी. प्लेस्टेशन २ जगभरात १५.५ कोटींहून जास्त विकलं गेलं आणि त्याचं उत्पादन थांबल्याचं सोनीने जाहीर केलं थेट जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे पुढचं प्लेस्टेशन येऊन सहा वर्षं झाल्यावर. भारतात तर त्या मधल्या काळातच त्याला नवी पालवी फुटली: हैदराबादमध्ये तयार झालेला 'हनुमान: बॉय वॉरियर' हा खेळ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठीच निघाला. तक्त्याप्रमाणे सातवी पिढी निम्मी संपत आली होती, आणि आपल्याकडे सहाव्या पिढीसाठी नवे खेळ घडत होते. तेव्हा प्रत्येक पट्टीवर दोन सालं लिहा. एक मशीन जगात कधी आलं ते, दुसरं ते तुमच्या गावातल्या त्या घरात कधी आलं ते. दुसरं साल त्या घरच्यांना विचारायला मुलांनाच पाठवा. कुणी आणलं, कुठून आणलं, किती मुलं एका टीव्हीपुढे बसायची, हेही विचारू द्या. कुठल्याही पुस्तकात न मिळणारी माहिती तुमच्या प्रदर्शनात येईल, आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांत लावलीत तर सगळ्या घरांना वाचता येईल.

कुणी जत्रेत घेतलेला ठोकळे रचायचा हातातला ब्रिक गेम आणून दिला तर तो या ओळीत ठेवू नका, वेगळ्या टेबलावर ठेवा. त्यात खेळ बदलता येत नाही, त्यामुळे पिढीचा हिशेब त्याला लागत नाही.

मशीन चालू करून दाखवणार असाल तर दोन गोष्टी जपा. जुन्या डब्याचा मूळ अडॅप्टर हरवला असेल तर हाती लागेल तो लावू नका. व्होल्ट तर बघाच, पण पिनच्या आत प्लस आहे की मायनस तेही मल्टिमीटरने तपासा. खऱ्या जपानी फॅमिकॉमला आत मायनस लागतं, नकलांमध्ये दोन्ही तऱ्हा सापडतात. कुणी परदेशातून आणलेलं जपानी मशीन दिलं असेल तर त्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट घातला की गेला.

आणि डब्यासोबत बंदूक असेल, बदकं मारायच्या खेळाची, तर जाड काचेचा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही शोधा. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाशाचा सेन्सर तो चौकोन बघतो. नव्या सपाट टीव्हीवर चित्र उमटायला उशीर होतो, प्रकाशही वेगळ्या तऱ्हेने येतो, त्यामुळे कितीही नेम धरला तरी बदक पडत नाही. मुलांना आधी सपाट टीव्हीवर मारून बघू द्या, मग जुन्यावर. जुना टीव्ही शाळेत नसेल तर माझ्याकडे एक १४ इंची चालू स्थितीत आहे, प्रदर्शनापुरता घेऊन जा.